पक्षाघातानंतरची आग आणि चुंबकीय उद्दीपन: डोक्यावर नेमके कुठे आणि किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 64 वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूच्या थॅलॅमसमध्ये (संवेदना पुढे पोहोचवणाऱ्या मेंदूतल्या खोल केंद्रात) रक्तस्राव होऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली. ताकद पुष्कळशी परत आली, परंतु तिसऱ्या महिन्यापासून डाव्या हातापायाची जी आग सुरू झाली ती आजही थांबलेली नाही. प्रीगॅबालिन 75 मिलिग्रॅम दोन वेळा आणि अमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम रात्री, एवढी औषधे चालू आहेत. एका केंद्राने डोक्यावर चुंबकीय उद्दीपन करण्याच्या 20 सिटिंग्जचे पॅकेज सुचवले आहे, तर एका नातेवाइकाने घरी वापरण्याचे विजेचे यंत्र ऑनलाइन मागवायला सांगितले आहे. याने खरोखर फरक पडतो का, आणि डोक्याला असा शॉक देणे धोक्याचे नाही ना, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

माझे मत आधी सांगतो. वडिलांची वेदना तुम्ही वर्णन केली तशीच असेल, औषधे पुरेशा मात्रेत देऊन झाली असतील आणि उद्दीपन मेंदूच्या योग्य भागावर पुरेशा प्रमाणात होणार असेल, तर हा उपचार करून पाहण्यासारखा आहे. त्याने आग पूर्णपणे विझेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. ती कमी होऊ शकते, आणि झालेला फरक टिकवण्यासाठी पुढेही अधूनमधून सिटिंग घ्यावे लागते. घरी वापरायचे यंत्र तूर्त मागवू नका.

आता सविस्तर. पक्षाघातानंतर दुखणारे प्रत्येक अंग मेंदूमुळे दुखत असते असे नाही, आणि पुष्कळ रुग्णांचे पैसे व वेळ इथेच वाया जातात. लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून थोडा खाली उतरतो किंवा आखडतो, आणि हात वर केला की कळ येते. स्नायू ताठरल्यानेही दुखते. या दोन्हींवर फिजिओथेरपी, हाताला नीट आधार देणे, क्वचित सांध्यातले इंजेक्शन हे उपाय आहेत; मेंदूवर चुंबक धरून खांदा सुटत नाही. फ्रान्समधील देजेरीन आणि रूसी यांनी 1906 मध्ये थॅलॅमसच्या इजेनंतर होणाऱ्या ज्या वेदनेचे वर्णन केले ती वेगळी. ती बहुधा झटक्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होते, आणि रुग्ण तिच्यासाठी निराळेच शब्द वापरतात: भगभग होते, मिरची चोळल्यासारखे वाटते, बर्फात हात धरून ठेवल्यासारखे झोंबते, करंट गेल्यासारखे होते. पंख्याचा वारा लागला तरी सहन होत नाही, अंगावरची चादरही नकोशी होते, आणि गार पाण्याने हात धुणे ही शिक्षा ठरते.

घरी एक साधी गोष्ट पाहता येईल. स्टीलचा चमचा थोडा वेळ गार पाण्यात ठेवून पुसा आणि वडिलांचे डोळे मिटलेले असताना आधी उजव्या हाताला, मग डाव्या हाताला टेकवा. डावीकडे गारवा कळतच नसेल, किंवा गारव्याऐवजी चटका बसल्यासारखे वाटत असेल, आणि आगही त्याच भागात होत असेल, तर ही वेदना मज्जासंस्थेतूनच उगम पावते आहे असे मानायला बळकटी येते. शेवटचा निर्णय अर्थातच न्यूरॉलॉजिस्टने तपासून आणि एमआरआय पाहून द्यायचा आहे.

यंत्राकडे वळण्यापूर्वी औषधांविषयी. तुम्ही लिहिलेल्या मात्रा या सुरुवातीच्या मात्रा आहेत. अमिट्रिप्टिलीनचा या वेदनेवर उपयोग होतो हे 1989 मध्ये स्वीडनमधील एका छोट्या, 15 रुग्णांच्या चाचणीत दिसले होते, पण तिथली मात्रा 10 मिलिग्रॅमच्या कितीतरी पट होती. वडिलांच्या वयात ती वाढवताना ईसीजी काढावा लागतो, लघवी अडकणे, बद्धकोष्ठ आणि उठताना चक्कर येणे यांकडे लक्ष ठेवावे लागते. तरीही 10 मिलिग्रॅमवर थांबून 'औषधाने काही झाले नाही' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रीगॅबालिनची 219 रुग्णांवरील मोठी चाचणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात झोप आणि अस्वस्थता सुधारली, पण वेदनेचा आकडा बनावट गोळीपेक्षा लक्षणीय प्रमाणात उतरला नाही. ड्युलोक्सेटिन आणि लॅमोट्रिजीन हे आणखी दोन पर्याय तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासारखे आहेत. यांतले काही नीट करून पाहिल्यावरच उद्दीपनाची पाळी येते. न्यूरोपॅथिक, म्हणजे मज्जासंस्थेच्या इजेतून होणाऱ्या, वेदनेवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींतही चुंबकीय उद्दीपन तिसऱ्या फळीत, बोटुलिनम विष आणि अफूवर्गीय औषधांच्या बरोबरीने ठेवलेले आहे. त्याचा क्रमांक मागे लागला असला तरी सुरक्षिततेच्या बाबतीत ते अफूवर्गीय औषधांपेक्षा फार उजवे आहे, आणि माझ्या रुग्णांना मी ट्रामाडॉल हे अफूवर्गीय औषध वाढवत नेण्याआधी याचा विचार करायला सांगतो.

बहुतेक कुटुंबे विचारतात, की रक्तस्राव जिथे झाला तिथेच हे उपचार का करत नाही? कारण चुंबक तिथवर पोहोचत नाही. डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती एमआरआयच्या तोडीचे, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यामुळे कवटीखालच्या मेंदूत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलेला हा नियम मानवी मेंदूसाठी प्रत्यक्षात आणला तो शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी, 1985 मध्ये. हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. नेहमीच्या आठच्या आकड्याच्या कॉइलचा परिणाम पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच राहतो. थॅलॅमस त्याहून पुष्कळ खोल आहे.

म्हणून रस्ता वळसा घालून जातो. जपानमधील न्यूरोसर्जन त्सुबोकावा यांनी 1991 मध्ये असे दाखवले, की हालचाली घडवणाऱ्या मोटर कॉर्टेक्सवर शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवून मंद उद्दीपन दिले तर थॅलॅमसच्या वेदनेला उतार पडतो. संवेदनेच्या भागाऐवजी हालचालीच्या भागाला चेतवून वेदना का कमी व्हावी, हे तेव्हा सर्वांनाच कोडे वाटले होते. मोटर कॉर्टेक्समधून थॅलॅमसकडे आणि मेंदूच्या बुंध्याकडे जाणारे तंतू तिथल्या वेदनाशामक यंत्रणेला जागे करतात, असे आज आपण मानतो. याला एक चांगला पुरावा 2011 मध्ये मिळाला: शरीराच्या स्वतःच्या अफूसदृश रसायनांना रोखणारे नॅलोक्सोन हे औषध आधी दिले, की मोटर कॉर्टेक्सवरील उद्दीपनाचा वेदनाशामक परिणाम कमी होतो. शस्त्रक्रियेविना, बाहेरूनच कॉइल धरून तेच साधण्याच्या कामात फ्रान्सच्या क्रेतेय येथील लफोशेर यांचा मोठा वाटा आहे.

आता प्रत्यक्ष सिटिंगविषयी, कारण तुमच्या भीतीचे उत्तर तिथे आहे. वडील खुर्चीत जागे बसलेले असतील. भूल नाही, सुई नाही, केस काढणे नाही. दोन्ही कानांत इअरप्लग घालावेत, कारण कॉइलचा प्रत्येक ठोका कडक टिचकीसारखा वाजतो आणि हे न घालणाऱ्या केंद्राविषयी मला शंकाच येते. त्यांची वेदना डावीकडे आहे, म्हणून कॉइल उजव्या बाजूला, टाळूच्या मध्यापासून कानाच्या दिशेने साधारण पाच सेंटिमीटर अंतरावर टेकवली जाईल. डॉक्टर एकेक ठोका देत ती मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवतील आणि सर्वांचे डोळे वडिलांच्या मांडीवर सैल ठेवलेल्या डाव्या हाताकडे असतील. एका जागी आले की अंगठा आपोआप टुणकन हलतो. रुग्ण दचकतात, काही जण हसतात, कारण आपण हलवला नाही तरी अंगठा हलला हे त्यांना स्वतःला दिसते. ती जागा सापडली, की ताकद हळूहळू उतरवत दहा ठोक्यांपैकी पाच वेळा स्नायूचा प्रतिसाद मिळण्याइतकी किमान ताकद शोधली जाते. तिला मोटर थ्रेशोल्ड म्हणतात. वेदनेसाठीचे उद्दीपन या थ्रेशोल्डच्या साधारण 80 ते 90 टक्क्यांवर, म्हणजे अंगठा हलणार नाही अशा ताकदीने दिले जाते. सेकंदाला 10 ठोके असे 10 सेकंद, मग 20 सेकंद विसावा, अशी 30 आवर्तने झाली की 15 मिनिटांत 3000 ठोके होतात.

हा अंगठा हलवण्याचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रत्येकाची कवटी, प्रत्येकाच्या मेंदूवरील पाणी आणि प्रत्येकाची औषधे निराळी असल्यामुळे थ्रेशोल्ड न मोजता यंत्राचा आकडा ठरवणे म्हणजे वजन न पाहता लहान मुलाला औषध देण्यासारखे आहे. वडिलांच्या बाबतीत एक अडचण संभवते: रक्तस्रावाने हालचालीचे तंतू जास्त तुटले असतील तर कितीही ताकद लावली तरी अंगठा हलणार नाही. ताकद बरीचशी परत आली आहे, त्यामुळे बहुधा तसे होणार नाही. पण झाले तर दुसऱ्या बाजूचा थ्रेशोल्ड घेऊन, जागा मात्र एमआरआयवर आधारलेल्या नॅव्हिगेशनने ठरवावी लागते. तशा रुग्णांत फायद्याची आशाही थोडी कमीच धरावी.

पॅकेज स्वीकारण्यापूर्वी एवढे एक विचाराच: कॉइल डोक्यावर कुठे ठेवणार? आपल्याकडे ही यंत्रे प्रामुख्याने मानसोपचाराच्या केंद्रांत आहेत, कारण नैराश्यासाठी या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएने 2008 मध्येच मंजुरी दिली आणि त्याचा पाया भक्कम आहे. परंतु नैराश्यासाठी कॉइल डाव्या कपाळाच्या वरच्या भागावर, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर ठेवतात. वडिलांच्या वेदनेसाठी हवी असलेली जागा उजव्या बाजूला आणि पुष्कळ मागे आहे. तेच यंत्र, तेवढेच ठोके, पण बाजूही चुकीची आणि जागाही चुकीची, असे झालेले रुग्ण माझ्याकडे आले आहेत. एका गृहस्थांनी 20 सिटिंग्जची फाइल दाखवून 'हा उपचार माझ्यावर चालला नाही' असे सांगितले. फाइलमध्ये सगळीकडे डाव्या कपाळाची नोंद होती. त्यांच्यावर वेदनेचा उपचार झालाच नव्हता, आणि एकदा निराश झाल्यावर पुन्हा प्रयत्न करायला त्यांचे मन तयार होईना.

या फरकाची नीट पारख फ्रान्समध्ये झाली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या बहुकेंद्री चाचणीत न्यूरोपॅथिक वेदनेच्या 149 रुग्णांना मोटर कॉर्टेक्सवर, प्रीफ्रंटल भागावर किंवा ठोका वाजतो पण पोहोचत नाही अशा बनावट कॉइलने, 22 आठवड्यांत 15 सिटिंग्ज दिली गेली. मोटर कॉर्टेक्सच्या गटात वेदना बनावट उद्दीपनापेक्षा जास्त उतरली. प्रीफ्रंटल गटात तो फरक दिसला नाही. याउलट जपानमध्ये 2020 मध्ये आलेल्या 144 रुग्णांच्या चाचणीत मोटर कॉर्टेक्सवरच उद्दीपन देऊनही बनावट उद्दीपनाहून फरक पडला नाही. तिथे सुरुवातीला पाच दिवस, दररोज केवळ 500 ठोके दिले होते. जागा बरोबर असूनही मात्रा अपुरी पडली, असा माझा त्या निकालाचा अर्थ आहे. इतर तज्ज्ञ तो निराळा लावू शकतील, पण 500 ठोक्यांच्या सिटिंगसाठी मी स्वतः कोणालाही पैसे मोजायला सांगणार नाही.

एकंदर पुराव्याविषयी तुम्हाला दोन परस्परविरोधी वाटणारी विधाने वाचायला मिळतील. युरोपीय तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शिकेने न्यूरोपॅथिक वेदनेवर, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध असलेल्या मोटर कॉर्टेक्सच्या जलद उद्दीपनाला 'अ' दर्जाचा, म्हणजे निश्चित परिणामकारकतेचा शेरा दिला. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2018 च्या आढाव्याने मात्र परिणाम अल्पकालीन आणि फार छोटा असल्याचे सांगून पुराव्याची गुणवत्ता कमी ठरवली. कॉक्रेनने कंबरदुखीपासून फायब्रोमायल्जियापर्यंत (अंगभर दुखण्याचा जुनाट आजार) सर्व प्रकारच्या जुनाट वेदना एकत्र तोलल्या होत्या, मार्गदर्शिका मज्जासंस्थेच्या वेदनेपुरती बोलते. तरीही चाचण्या लहान होत्या आणि बनावट कॉइल ओळखू येण्याची शक्यता होती, हा कॉक्रेनचा आक्षेप मला रास्त वाटतो. 2025 च्या शिफारशींमागील विश्लेषणात, एका रुग्णाला ठळक फायदा होण्यासाठी साधारण चार जणांवर उपचार करावे लागतात असा हिशेब निघाला, पण त्या आकड्याची अनिश्चितता दोनपासून अठ्ठावीसपर्यंत पसरलेली होती. कोणी तुम्हाला 'ऐंशी टक्के रुग्ण बरे होतात' असे सांगत असेल तर त्या आकड्याला आधार नाही.

फायदा झाला तर तो कसा दिसतो, तेही सांगतो. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येत असत, त्यांच्या पायाची आग दहापैकी आठ होती. सहाव्या सिटिंगनंतरही त्या सातच सांगत होत्या आणि मी मनात उपचार थांबवण्याचा विचार करत होतो. तेव्हा त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, की गेल्या दोन रात्री आईंनी पायावर चादर ठेवू दिली. महिन्याभराने आकडा पाचवर आला. या उपचाराचा परिणाम बहुतेकदा त्याच दिवशी कळत नाही. तो काही दिवसांनी आणि हळूहळू साठत जातो, आणि सिटिंग्ज एकदम बंद केली की काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून ओळीने 20 दिवस आणि नंतर काहीच नाही, ही नैराश्यावरून उचललेली आखणी वेदनेसाठी मला पटत नाही. आधी दोन आठवडे जवळजवळ रोज, मग आठवड्यातून एक, मग पंधरवड्याने, मग महिन्याने अशी लांबवत नेलेली आखणी मागा. तुम्ही तालुक्याच्या गावाहून शहरात येणार असाल, तर दोन-तीन तासांच्या एसटीच्या प्रवासाने वडिलांची आग त्या दिवशी वाढू शकते. पहिले दोन आठवडे शहरात नातेवाइकांकडे राहण्याची सोय झाली तर उपचाराला खरी संधी मिळेल. संपूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरू नका. दहा-बारा सिटिंग्ज आणि त्यानंतरचा एक आठवडा मिळूनही वेदना तीस टक्क्यांनीसुद्धा उतरली नाही आणि झोप, चालणे, अंगावरचे कपडे यांतही फरक नसेल तर थांबायचे, हे केंद्राशी आधीच ठरवून घ्या.

धोक्याचे म्हणाल तर ही मानसोपचारातली शॉक ट्रीटमेंट नव्हे. तिच्यात भूल देऊन मुद्दाम आकडी आणली जाते, आणि इथे ती येऊ नये म्हणूनच ताकद आणि विसावा यांच्या मर्यादा पाळल्या जातात. सर्वसाधारणपणे डोके दुखते किंवा टाळूला कॉइलखाली दुखते, आणि एखाद्या पॅरासिटामॉलने ते भागते. आकडी येणे हा खरा धोका असून तो अत्यंत दुर्मीळ आहे, परंतु ज्यांच्या मेंदूला इजा झालेली आहे त्यांच्यात तो काहीसा जास्त धरावा लागतो. वडिलांना झटक्यानंतर कधी आकडी आली होती का, हे पहिल्याच भेटीत सांगा. अमिट्रिप्टिलीन आणि ट्रामाडॉल आकडीची शक्यता थोडी वाढवतात. म्हणून सर्व गोळ्यांची यादी न्या, आणि उपचार चालू असताना कोणतीही गोळी, विशेषतः प्रीगॅबालिन किंवा झोपेची गोळी, आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आदल्या रात्री जागरण झाले असेल तर सिटिंग पुढे ढकलावे. मेंदूतील धमनीवर लोखंडी क्लिप असेल किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार करता येत नाही, आणि पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. दाताचे सिमेंट आणि मोतीबिंदूची लेन्स यांची अडचण नाही.

घरी वापरायच्या यंत्राविषयी थोडक्यात. त्यात मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजांमधून 1 ते 2 मिलिअँपिअरचा सौम्य सरळ प्रवाह 20 मिनिटे डोक्यातून जातो. याला टीडीसीएस म्हणतात. पायावर किंवा कमरेवर लावतात ते टेन्स यंत्र निराळे. टीडीसीएसचा अभ्यास गांभीर्याने होतो आहे आणि फायब्रोमायल्जियात त्याला बरा आधार आहे, परंतु 2017 च्या मार्गदर्शिकेत न्यूरोपॅथिक वेदनेत त्याला मिळालेला आधार मणक्यातील मज्जारज्जूच्या इजेनंतरच्या पायांच्या वेदनेपुरता, तोही 'क' दर्जाचा, म्हणजे केवळ संभाव्य परिणामकारकतेचा होता. शिवाय वडिलांच्या डाव्या बाजूच्या संवेदना बदललेल्या आहेत. स्पंज सुकला की त्याखालची कातडी भाजते, आणि ज्याला भाजल्याचे नीट कळत नाही अशा माणसाच्या डोक्यावर घरच्या घरी हा प्रयोग करणे मला मान्य नाही.

पहिल्या सिटिंगच्या आधीचे दोन आठवडे एक वही ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी आगीचा आकडा शून्य ते दहा, रात्री किती वेळा जाग आली, त्या दिवशी कोणती गोळी किती घेतली, आणि डाव्या हाताने केलेले एखादे काम, जसे शर्टाची बटणे लावणे किंवा गार पाण्याखाली हात धरणे, जमले की नाही, एवढेच लिहायचे. आकडा वडिलांनी स्वतः सांगावा, बाकीचे घरातल्या एकाच व्यक्तीने लिहावे. ती वही पहिल्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा आणि बाराव्या सिटिंगनंतर तिच्याच शेजारी नवे आकडे लिहून पाहा.